टीव्हीवरचा तो एक ठिपका : दोष पडद्याचा, वॉरंटीचा की डोळ्याचा?

दसरा-दिवाळीच्या दिवसांत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत इमारतींच्या लिफ्टमधून मोठमोठी चपटी खोकी वर जाताना दिसतात. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ज्या घरात ३२ इंची टीव्ही होता तिथे ४३ किंवा ५५ इंची आला. माणूस येऊन टीव्ही भिंतीवर लावून जातो, घरातले सगळे समोर बसतात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येते की पडद्यावर एक बारीक हिरवा ठिपका आहे. पुसला तरी जात नाही. चॅनल बदलला तरी तिथेच. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर उत्तर मिळते, ‘‘एक-दोन ठिपके चालतात, ते वॉरंटीत बसत नाहीत.’’

चाळीस-पन्नास हजार रुपये मोजलेल्या माणसाला हे उत्तर अर्थातच पटत नाही. नव्या साडीला भोक असेल तर ती आपण परत करतो, मग टीव्हीला वेगळा न्याय का? या प्रश्नाचे अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धे ग्राहक कायद्यात. दोन्ही माहीत असली, तर कोणत्या ठिपक्यासाठी भांडायचे आणि कोणता सोडून द्यायचा हे ठरवता येते. आणि एखादा ठिपका असाही असतो, की त्यासाठी सर्व्हिस सेंटरला नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरला गाठावे लागते.

पडद्यात नेमके काय असते?

आजचा पडदा म्हणजे अतिशय बारीक चौकोनांची जाळी. या प्रत्येक चौकोनाला पिक्सेल म्हणतात. फुल एचडी पडद्यात आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. फोर-के पडद्यात ही संख्या चौपट, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० होते. प्रत्येक पिक्सेलचे पुन्हा तीन भाग असतात : लाल, हिरवा आणि निळा. यांना सबपिक्सेल म्हणतात. हे तीन रंग कमी-अधिक प्रमाणात मिसळून आपल्याला पिवळा, जांभळा, पांढरा असे सगळे रंग दिसतात. म्हणजे फोर-के टीव्हीत जवळजवळ अडीच कोटी सबपिक्सेल असतात.

एलसीडी पडद्यात (दुकानात ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात तोही एलसीडीच; फक्त त्याच्या मागचा दिवा एलईडीचा असतो) प्रत्येक सबपिक्सेल ही एक झडप असते. मागून पांढरा प्रकाश येत असतो. मधल्या द्रवस्फटिकाला किती व्होल्टेज मिळते त्यावर ही झडप किती उघडेल हे ठरते. ते व्होल्टेज पुरवायला प्रत्येक सबपिक्सेलच्या कोपऱ्यात काचेवरच छापलेला एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. फोर-के टीव्ही घरी आणणे म्हणजे जवळपास अडीच कोटी ट्रान्झिस्टरची एक काच भिंतीवर टांगणे. त्यातला एक बिघडला की एक ठिपका दिसतो.

हा ठिपका तीन प्रकारचा असू शकतो. झडप कायमची उघडी राहिली तर काळ्या पडद्यावर लाल, हिरवा, निळा किंवा पांढरा चमकता बिंदू दिसतो. झडप कायमची बंद राहिली तर पांढऱ्या पडद्यावर काळा बिंदू दिसतो. हा खऱ्या अर्थाने मेलेला पिक्सेल. तिसऱ्या प्रकारात सबपिक्सेल एकाच पातळीवर अडकून बसतो, कधी सुटतो, पुन्हा अडकतो. ट्रान्झिस्टर पूर्ण निकामी झाला तर काय दिसेल हे पॅनलच्या जातीवर अवलंबून असते. आयपीएस आणि व्हीए जातीच्या पॅनलमध्ये व्होल्टेज नसताना झडप बंद असते, म्हणून ठिपका काळा दिसतो. स्वस्त मॉनिटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या टीएन पॅनलमध्ये उलट असते; तिथे तो चमकतो. ओएलईडी पडद्यात मागे दिवाच नसतो, प्रत्येक सबपिक्सेल स्वतः प्रकाश देतो. तिथे निकामी बिंदू काळाच राहतो.

यापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे पडद्यावर वरपासून खालपर्यंत जाणारी रेघ. तो एका ट्रान्झिस्टरचा दोष नसतो. पडद्याच्या कडेला लवचीक पट्ट्यांवर बसवलेल्या चिप पिक्सेलच्या एकेका रांगेला संदेश देत असतात. त्या पट्टीचा काचेशी असलेला जोड सुटला की रांगच्या रांग बिघडते. सर्व्हिस सेंटरने रेघेलाही ‘पिक्सेलचा दोष, चालतो’ म्हटले तर ऐकून घेऊ नका. रेघ म्हणजे सरळ बिघाड. ठिपके मोजण्याच्या नियमाशी तिचा संबंध नाही.

कंपन्या शून्य दोषाची हमी का देत नाहीत?

पॅनल तयार होते ते मोठ्या काचेवर. आठव्या पिढीच्या कारखान्यातली एक काच साधारण २.२ मीटर बाय २.५ मीटर असते. तिच्यातून ५५ इंचांचे सहा पडदे निघतात. ट्रान्झिस्टरचे थर चढवताना धुळीचा एक कण पडला तरी तिथला ट्रान्झिस्टर बिघडतो. म्हणून हे काम अतिस्वच्छ खोल्यांत चालते. तरीही कण पूर्णपणे टाळता येत नाहीत.

गणित सोपे आहे. उदाहरणापुरते समजा, एक सबपिक्सेल बिघडण्याची शक्यता एक कोटीत एक आहे. फुल एचडी पडद्यात सुमारे ६२ लाख सबपिक्सेल असतात. मग शंभरातले साधारण ५४ पडदे पूर्ण निर्दोष निघतील. फोर-केमध्ये मात्र सबपिक्सेल चौपट असल्यामुळे शंभरातले फक्त आठच निर्दोष निघतील. कारखान्याचे कौशल्य तेच, धूळ तीच, पण पिक्सेल वाढले की निर्दोष माल झपाट्याने घटतो. प्रत्यक्षातल्या कारखान्यांची कामगिरी या कल्पित आकड्यापेक्षा खूपच चांगली आहे आणि काही दोष लेझरने दुरुस्तही केले जातात. आपण घेतलेल्या बहुतेक टीव्हींवर एकही ठिपका नसतो तो त्यामुळेच. पण एका ठिपक्यासाठी अख्खे पॅनल फेकायचे ठरवले तर बाकीच्या पडद्यांची किंमत वाढेल, हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही.

यातूनच मोजमापाचे नियम आले. कार्यालयीन कामाच्या सपाट पडद्यांसाठी २००१ मध्ये आयएसओ १३४०६-२ हे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. त्यात पडद्यांचे चार वर्ग होते. पहिल्या वर्गाला एकही दोष मान्य नव्हता. सर्रास वापरला गेला तो दुसरा वर्ग. त्यात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन पूर्ण चमकते, दोन पूर्ण काळे आणि पाच सबपिक्सेलचे दोष चालत. २००८ मध्ये आयएसओ ९२४१ या मालिकेने त्या मानकाची जागा घेतली, पण ‘इतके ठिपके चालतात’ ही भाषा रूढ झाली ती तिथूनच.

या आकड्यांतली गोम लक्षात घ्या. हा हिशेब दर दहा लाखांमागचा आहे. दुसऱ्या वर्गाचा नियम शब्दशः फोर-के टीव्हीला लावला तर सुमारे १६ चमकते आणि १६ काळे पिक्सेल, शिवाय ४० च्या आसपास सबपिक्सेलचे दोष ‘नियमात’ बसतील! असा टीव्ही कुठलीही चांगली कंपनी विकणार नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्या स्वतःची वेगळी मर्यादा ठरवतात : चमकते किती, काळे किती, पडद्याच्या मध्यभागी किती, एकमेकांना चिकटलेले किती. काही ठिकाणी ही मर्यादा कडक असते. डेलच्या काही मॉनिटर मालिकांवर वॉरंटीच्या काळात एक जरी चमकता पिक्सेल दिसला तरी पॅनल बदलून देण्याची हमी असते. म्हणजे ‘जगात सगळीकडे असेच असते’ हे दुकानदाराचे वाक्य पूर्ण खरे नाही. आयएसओचे मानक ऐच्छिक आहे, ते सरकारी कायदा नव्हे. आपल्या टीव्हीला काय लागू आहे हे त्या कंपनीच्या लेखी धोरणावरून ठरते.

चमकता ठिपका जास्त का खुपतो?

निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो पावणेदोन मीटरच्या, म्हणजे साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडून या मर्यादेखाली जातो. उपनगरातल्या वन बीएचकेच्या हॉलमध्येही सोफा आणि टीव्ही यांत सात-आठ फूट अंतर असते. तिथून एखादा काळा पिक्सेल बहुतेकांना दिसणारच नाही.

पण चमकत्या ठिपक्याचे तसे नाही. आकाशातला तारा एका कलेपेक्षा कितीतरी लहान असतो, तरी तो दिसतो, कारण काळ्या पार्श्वभूमीवरचा प्रकाश दिसायला आकार लागत नाही, तेज पुरेसे असते. चित्रपटातल्या रात्रीच्या प्रसंगात पडद्याच्या मधोमध असलेला हिरवा ठिपका आठ फुटांवरूनही डोळ्यांत भरतो तो याचमुळे. चमकत्या ठिपक्यांबाबत कंपन्यांचे नियम काळ्यांपेक्षा सहसा कडक असतात, त्यामागेही हेच कारण आहे. संगणकाच्या मॉनिटरची गोष्ट आणखी वेगळी. २४ इंची मॉनिटरपासून आपण दोन फुटांवर बसतो. तिथे काळा पिक्सेलही स्पष्ट दिसतो आणि दिवसभर हिशेबाचे तक्ते पाहणाऱ्याला दशांशचिन्हाचा भास देतो.

या ठिपक्याने डोळ्यांना इजा होते का? नाही. त्यातून निघणारा प्रकाश बाकीच्या पडद्याच्या तुलनेत नगण्य असतो. डोळे थकतात ते पापण्या न लवता तासन् तास पाहिल्याने, अति उजेडाने आणि चुकीच्या अंतराने. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला नव्या टीव्हीलाही लागू आहे आणि जुन्यालाही.

ठिपका डोळ्यात तर नाही ना?

सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी एक मिनिटाची तपासणी करावी. पडद्यावरची नजर डावीकडे, मग उजवीकडे न्यावी. ठिपका जागेवर राहिला तर तो पडद्याचा. नजरेबरोबर सरकला, तरंगल्यासारखा वाटला, भिंतीवर किंवा आभाळाकडे पाहतानाही दिसला, तर तो डोळ्यातला. डोळ्यातल्या पारदर्शक जेलमध्ये वयोमानाने गुठळ्या होतात. त्यांची सावली पडून असे तरंगते ठिपके दिसतात. चाळिशी-पन्नाशीनंतर ते अनेकांना दिसतात आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतात.

पण अचानक पुष्कळ नवे ठिपके दिसू लागले, डोळ्यात वीज चमकल्यासारखे झाले किंवा दृष्टीच्या एका बाजूने पडदा ओढल्यासारखा वाटला, तर नेत्रपटल फाटत किंवा सुटत असण्याची शक्यता असते. तेव्हा वाट पाहायची नाही, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवायचे. उपचारास उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते. जास्त चष्म्याचा नंबर असलेल्यांनी, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांनी आणि डोळ्याला मार लागलेल्यांनी विशेष जागरूक राहावे.

दुसरी तपासणी एकेक डोळा झाकून करायची. पडद्यावर हिशेबाचा तक्ता किंवा उभ्या-आडव्या रेघांचे चित्र लावा. एका डोळ्याने पाहताना सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मधोमध डाग दिसला आणि दुसऱ्या डोळ्याने तसे दिसले नाही, तर दोष पॅनलचा नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची तपासणी करून घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच.

जिथे एक ठिपका महाग पडू शकतो

घरच्या टीव्हीवरचा ठिपका ही गैरसोय आहे. रोगनिदान केंद्रातल्या मॉनिटरवर तोच ठिपका जास्त गंभीर होतो. मॅमोग्राफीत स्तनातले कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कण शोधायचे असतात. कर्करोगाच्या सुरुवातीच्या खुणांपैकी ती एक असू शकते. हे कण अनेकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात आणि पांढरे दिसतात. मॅमोग्राफीसाठी वापरल्या जाणाऱ्या सुमारे ५० लाख पिक्सेलच्या मॉनिटरचा एक पिक्सेल ०.१६५ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे त्यावरचा एखादा चमकता ठिपका अशा कणासारखा दिसू शकतो.

रेडिऑलॉजिस्ट फसत नाहीत त्याचे कारण वर सांगितलेल्या परीक्षेसारखेच साधे आहे. ते प्रतिमा सरकवतात, मोठी करतात. शरीरातला कण प्रतिमेबरोबर सरकतो, मॉनिटरवरचा ठिपका जागेवर राहतो. शिवाय अशा मॉनिटरची ठरावीक नमुनाचित्रे लावून नियमित तपासणी करण्याची शिस्त असते. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००५ मध्ये त्यासाठीची सविस्तर कार्यपद्धती प्रसिद्ध केली होती. डिजिटल एक्स-रे काढणाऱ्या पॅनलमध्येही काचेवर छापलेल्या ट्रान्झिस्टरची अशीच जाळी असते. तिथेही काही पिक्सेल बिघडलेले असतात. यंत्र त्यांचा नकाशा ठेवते आणि शेजारच्या पिक्सेलवरून ती जागा भरून काढते. थोडक्यात, वैद्यकीय क्षेत्रातही दोष असतातच, पण ते मोजलेले आणि नोंदलेले असतात. ग्राहकानेही नेमके हेच करायचे आहे : मोजायचे आणि नोंदायचे.

बसवणारा माणूस घरात असतानाच

नवा टीव्ही किंवा मॉनिटर आल्यावर पहिली पंधरा मिनिटे सर्वांत मोलाची. काही गोष्टी त्याच वेळी करून घ्याव्यात.

खोके उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करावे. खोक्यावरचा आणि टीव्हीच्या मागचा अनुक्रमांक त्यात दिसला पाहिजे. वाहतुकीत काच तडकली असेल तर वाद होतो तो ‘आधीच तडकली होती की तुमच्याकडून’ यावर. चित्रण असेल तर तो वाद तिथेच संपतो.

लाल, हिरवे, निळे, पांढरे आणि काळे अशी पाच एकरंगी चित्रे पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावीत आणि एकामागून एक लावावीत. काळ्या पडद्यावर चमकते ठिपके सापडतात, पांढऱ्यावर काळे, आणि बाकी तीन रंगांवर कोणता सबपिक्सेल बिघडला आहे ते कळते. काळ्याच्या वेळी खोलीतले दिवे बंद करावेत. पडद्यापासून फूटभर अंतरावरून पाहावे.

धूळ आणि ठिपका यांत गल्लत करू नये. वरची धूळ मऊ कोरड्या कापडाने जाते. ठिपका चौकोनी, धारदार कडांचा असतो. चित्रातच दोष आहे असे वाटले तर दुसरे चॅनल किंवा दुसरी जोडणी लावून पाहावी. मोबाइल किंवा लॅपटॉप असेल तर स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या उपकरणावर उघडावा. स्क्रीनशॉटमध्ये ठिपका आला तर दोष सॉफ्टवेअरचा, नाही आला तर पॅनलचा.

पडद्याचे मनात नऊ सारखे चौकोन करावेत आणि ठिपका कोणत्या चौकोनात, कोणत्या रंगाचा, किती, हे लिहून ठेवावे. मधल्या चौकोनातल्या ठिपक्याला जास्त वजन असते. बसवायला आलेल्या माणसाच्या जॉब शीटवर ही नोंद करून सही घ्यावी. ऑनलाइन खरेदीत बदलून देण्याची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. ती संपेपर्यंत, घर कितीही लहान असले तरी खोके आणि आतले थर्माकोल टाकू नये.

अडकलेल्या पिक्सेलसाठी वेगाने रंग बदलणारी चित्रे लावण्याचा उपाय सांगितला जातो. खरोखर अडकलेला पिक्सेल त्याने कधी कधी सुटतो, मेलेला सुटत नाही. हा उपाय करताना पडद्याकडे पाहत बसू नये. अपस्माराचा त्रास असलेल्या काहींना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. मुले घरात असतील तर पडद्यावर कापड टाकावे. बोटाने दाबून ठिपका घालवण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्याने शेजारचे पिक्सेल जातात आणि दाबाची खूण राहिली की वॉरंटीही जाते.

वॉरंटी कशाने जाते?

काचेला तडा, दाबाची खूण, आत गेलेले पाणी, बाहेरच्या माणसाकडून उघडलेला टीव्ही या गोष्टी जवळजवळ प्रत्येक वॉरंटी कार्डावर वगळलेल्या असतात. यातली पाण्याची बाब आपल्याकडे विशेष महत्त्वाची. अनेक घरांत काच पुसायचे द्रव थेट पडद्यावर फवारले जाते. ते ओघळून खालच्या कडेला जाते आणि काठाशी असलेल्या त्या लवचीक पट्ट्यांच्या जोडांपर्यंत पोहोचते. काही दिवसांनी रेघा दिसू लागतात. पुसायचेच असेल तर कापड किंचित ओलसर करावे, पडदा नव्हे.

पावसाळ्यात उपनगरातल्या जुन्या सोसायट्यांच्या बाहेरच्या भिंतींना ओल येते. टीव्ही टांगायला हीच भिंत मोकळी असते! ओलसर भिंतीला चिकटून बसवलेल्या टीव्हीत दमट हवा राहते आणि धातूचे जोड गंजतात. शक्य असेल तर आतली भिंत निवडावी, नाहीतर मागे हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे. ओएलईडी घेणाऱ्यांनी पडद्यावर कायमचा उमटणारा ठसा वॉरंटीत आहे का, हे खरेदीआधीच विचारावे. दिवसभर एकच वृत्तवाहिनी चालू असेल तर तिची पट्टी पडद्यावर उमटू शकते आणि बऱ्याच कंपन्या हा दोष धरत नाहीत.

एवढी काळजी का, तर टीव्हीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा पॅनलचाच असतो. वॉरंटी संपल्यावर पॅनल बदलायचे म्हटले तर अनेकदा नवा टीव्ही घेणेच परवडते. वाढीव वॉरंटी घेताना म्हणूनच एकच प्रश्न आधी विचारावा : पॅनल त्यात आहे का?

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. कायद्याने, करारात स्पष्टपणे किंवा गृहीत धरून, अथवा विक्रेत्याने केलेल्या दाव्यानुसार मालाचा जो दर्जा असायला हवा, त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष. यात ‘विक्रेत्याचा दावा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जाहिरातीत ‘निर्दोष चित्र’ म्हणायचे आणि ठिपका दाखवल्यावर न दाखवलेले धोरण पुढे करायचे, यावर ग्राहक प्रश्न विचारू शकतो. मालाच्या दर्जाची माहिती मिळणे हा याच कायद्याने दिलेला हक्क आहे. त्यामुळे ‘चालते’ असे तोंडी उत्तर मिळाले की पहिली मागणी हीच करावी : किती ठिपके चालतात ते धोरण लेखी द्या, आणि खरेदीआधी ते मला कुठे सांगितले होते ते दाखवा.

याची दुसरी बाजूही समजून घ्यावी. वॉरंटी कार्डावर मर्यादा स्पष्ट छापलेली असेल, ती आधी उपलब्ध असेल आणि कोपऱ्यात एकच काळा ठिपका असेल, तर ग्राहकाची बाजू दुबळी होते. शोरूममध्ये लावलेला नमुन्याचा टीव्ही सवलतीत, नीट पाहून घेतला असेल तरीही तसेच. तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर दाखवला, तर १९३० चा वस्तू विक्री कायदा खरेदीदाराला त्या बाबतीत संरक्षण देत नाही.

दोष असलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस धरले जातात. ऑनलाइन खरेदीला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. विक्रेत्याला सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात उत्तर द्यायचे असते.

दाद मागायची पायरी अशी. आधी विक्रेता आणि कंपनी दोघांनाही ईमेल. सोबत बिल, जॉब शीट, छायाचित्रे, तक्रार क्रमांक. उत्तर मिळाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तिथे मराठीतून बोलता येते आणि अनेक वाद याच टप्प्यावर मिटतात. मार्गदर्शन हवे असेल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत विलेपार्ल्यात आहे.

त्यानंतर ग्राहक आयोग. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही चारही ठिकाणे मुंबई उपनगर जिल्ह्यात येतात आणि या जिल्ह्याचा आयोग वांद्र्यात आहे. टीव्ही बंगळुरूच्या विक्रेत्याकडून मागवला असला तरी तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अर्ज ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही करता येतो. घरून काम करून पोट भरणारा डिझायनर किंवा शिकवणी घेणारी शिक्षिका यांनी कामासाठी घेतलेला मॉनिटरही यात येतो, कारण स्वयंरोजगारासाठीची खरेदी कायद्याने व्यापारी मानलेली नाही.

दोष तपासल्याशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. अशा वेळी जॉब शीटवरची पहिल्या दिवसाची नोंद आणि पाच रंगांवर काढलेली छायाचित्रे कामी येतात. तंत्रज्ञाच्या सहीने ‘मधल्या भागात दोन चमकते ठिपके’ असे लिहिलेले असेल, तर ठिपका आहे की नाही हा वादच उरत नाही. वाद उरतो तो एवढाच, की इतके ठिपके चालतात हे ग्राहकाला सांगितले होते का.

म्हणून टीव्ही घ्यायला निघताना दुकानात आकार, रंग, आवाज यांच्या बरोबरीने तीन प्रश्न विचारून घ्यावेत. किती ठिपक्यांवर पॅनल बदलून मिळते? बदलून देण्याची मुदत किती दिवस? पॅनलची वॉरंटी किती वर्षे? उत्तरे बिलाच्या मागे लिहून त्यावर दुकानाचा शिक्का घ्यावा. जो दुकानदार हे लिहून देईल, त्याच्याकडून टीव्ही घ्यावा.